महिपत, सुमार, रसाळ: आश्विन सरताना खेडच्या डोंगरात

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी एक डोंगररांग उत्तर-दक्षिण पसरलेली असून या दोन रांगांच्या मधे जगबुडी नदीचे खोरे आहे. या रांगेवर उत्तरेला महिपतगड, मधे सुमारगड आणि दक्षिणेला रसाळगड असे तीन किल्ले आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही दापोली-चिपळूणकडच्या काही मित्रांनी हे तिन्ही किल्ले याच क्रमाने जोडून केले. पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल ते येथे लिहितो.

महिपतगडाची उंची सुमारे ९४० मीटर आहे. १,६४६ मीटरच्या कळसूबाईपुढे हा आकडा किरकोळ वाटतो आणि घाटावरून येणारे बरेच जण त्याच हिशेबाने दिवसाची आखणी करतात. तो हिशेब येथे लागू पडत नाही. घाटावरच्या बहुतेक किल्ल्यांचा चढ मुळातच उंच पठारावरून सुरू होतो, तर येथे तळकोकणातून निघायचे असल्यामुळे उंचीतला जवळपास प्रत्येक मीटर स्वतःच्या पायांनी चढावा लागतो, आणि तोही दमट हवेत. पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात कोकणातून माघार घेतो, आकाश निरभ्र होते, पण जमीन अजून ओली असते. त्यामुळे पारा ३३-३४ अंशांवर असला तरी घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. या दिवसांत माणूस चढाने दमतो त्यापेक्षा उन्हाने जास्त दमतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

म्हणून दहिवली गावातून आम्ही उजाडण्यापूर्वीच विजेऱ्या लावून निघालो आणि ऊन डोक्यावर येण्याआधी मुख्य चढ संपवला. या सुमारास सूर्योदय साडेसहाच्या आसपास आणि सूर्यास्त सहाच्या थोडा नंतर होतो, म्हणजे चालण्यासाठी पुरते बारा तासही मिळत नाहीत. शिवाय दुपारनंतर घाटमाथ्याच्या बाजूने ढग जमून विजांसह सर येऊ शकते. त्या वेळी माथ्यावर किंवा उघड्या धारेवर असू नये. सोबत माणशी किमान चार लिटर पाणी धरून चालावे आणि मीठ-साखर विसरू नये.

महिपतगडाचा माथा अतिशय विस्तीर्ण आहे. पारेश्वराचे मंदिर मुक्कामाला सोयीचे असून जवळ पाणीही मिळते, मात्र ते उकळून किंवा गाळून आणि औषध टाकूनच प्यावे. पूर्वेला खोऱ्यापलीकडे मकरंदगड, प्रतापगड आणि महाबळेश्वरचे पठार एका नजरेत येतात. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेली जावळी म्हणजे हाच मुलूख. हे तीन किल्ले कोकणातून तिकडे चढणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला किती मोक्याचे होते, ते येथे उभे राहिल्यावर नकाशाशिवाय समजते. हा देखावा पावसाळ्यात धुक्यामुळे आणि उन्हाळ्यात धुरकटपणामुळे सहसा दिसत नाही.

खरी परीक्षा सुमारगडाची. महिपत ते सुमार आणि सुमार ते रसाळ हा पट्टा दाट जंगलाचा असून या ऋतूत वाट पुरुषभर गवताखाली गेलेली असते. जनावरांच्या वाटा तिच्यात मिसळतात आणि मोबाईलच्या नकाशावरची जीपीएसची रेघ अशा ठिकाणी फारशी कामाची राहत नाही. गडाजवळचा कातळटप्पा ओलसर असेल तर दोर हवाच. वाटाड्याशिवाय हा पट्टा करू नये. अडचण अशी की नेमक्या याच दिवसांत भातकापणी चालू असते आणि वाडीतली बहुतेक माणसे खाचरांत असतात. आदल्या दिवशी पोहोचून, घरातल्या काका-काकूंशी नीट बोलून, त्यांच्या बुडणाऱ्या दिवसाची मजुरी धरून पैसे ठरवावेत. घासाघीस करू नये. आमच्यासोबत आलेल्या काकांनी कोयतीने पुढचे गवत सारत वाट मोकळी केली नसती, तर आम्हाला दुपारी सुमारगडाच्या पायथ्यावरूनच परतावे लागले असते. खाचरांतून जाताना बांधावरूनच चालावे, उभे किंवा कापून पसरलेले भात तुडवू नये.

गवतातून चालताना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट आणि घोट्यावर येणारे बूट आवश्यक आहेत. कुसळे मोज्यांत शिरून हैराण करतात. खाजकुयलीच्या शेंगा दिसल्या तर हात लावू नये. फुरसे हा विषारी साप कोकणात सर्वत्र आहे आणि तो कातळावर, दगडांच्या फटीत बसलेला असतो, त्यामुळे न बघता हात टाकू नये. दंश झालाच तर जखम कापणे किंवा आवळून बांधणे हे प्रकार टाळून माणसाला फार न हलवता थेट रुग्णालय गाठावे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, अत्तर आणि आरडाओरड नको.

रसाळगड मात्र सुखाचा आहे. पायथ्याच्या रसाळवाडीपर्यंत गाडी येते आणि वर चढायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे लहान मुले वा वडीलधारी सोबत असतील तर हा एकच किल्ला करावा. झोलाईच्या मंदिरात मुक्काम होतो, समोर पाण्याची टाकी आहेत आणि गडावर जागोजागी तोफा पडलेल्या आहेत. त्यांवर चढून छायाचित्रे काढण्याची हौस आवरावी.

खेडला कोकण रेल्वेचे स्थानक आणि एस.टी.चे आगार आहे. आतल्या गावांकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे वेळा आगारातच विचारून घ्याव्यात आणि परतीसाठी रिक्षा किंवा जीप आधी ठरवून ठेवावी. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि काखा, जांघा, कमरपट्ट्याची जागा नीट तपासावी, कारण पावसानंतरच्या गवतात चिगर माइट्स नावाचे बारीक किडे असतात व त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा तापाचा आजार होऊ शकतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर काळी खपली दिसली, तर आपण गवताळ डोंगरात हिंडून आलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेत ओळखला तर हा आजार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.