सर्फबोर्ड पुन्हा वाकता करताना

"काका, पुन्हा तुटता कामा नये," एवढंच मी तुर्भे एमआयडीसीतल्या फायबरचं काम करणाऱ्या काकांना सांगितलं होतं. त्यांनी शब्द पाळला, लाटेवर उभं राहून जायची ती फळी, माझा सर्फबोर्ड, पुन्हा तुटला नाही. पण तो लाटेवर वळेनासा झाला, आणि त्याचं कारण हाती लागायला मला सहा महिने लागले.

मी नेरुळला राहतो. खाडी जवळ असली तरी तिथे लाट नाही, म्हणून वर्षातून दोन-तीनदा कोकण रेल्वेने कर्नाटकात मुल्कीला जातो, शांभवी नदी समुद्राला मिळते तिथे. ऑक्टोबरमध्ये किनाऱ्याजवळ एक लाट बोर्डाच्या बरोबर मध्यावर कोसळली. दोन्ही टोकं पाण्याने उचलून धरलेली आणि मार मध्ये. बोर्ड म्हणजे आत हलका फोम आणि वर-खाली रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेल्या काचेच्या कापडाचं कवच. वरचं कवच आडवं चुरगळलं, आतली लाकडी पट्टी, म्हणजे स्ट्रिंगर, तडकली. खालचं कवच शाबूत राहिलं. कुठलीही फळी अशी वाकली की वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. काचेचं कापड ताण उत्तम सोसतं, पण दाब वाढला की फोमवरून सुटून त्याची घडी पडते.

काकांनी पहिला प्रश्न विचारला, "आत थर्माकोल आहे का?" हा प्रश्न विचारणारा कारागीर भेटला हे माझं नशीब. फायबरच्या कामात सर्रास वापरतात त्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं, आणि ते थर्माकोल विरघळवून टाकतं. तसल्या बोर्डाला इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिनच लागतं. माझ्या बोर्डात पिवळसर पीयू (पॉलियुरेथेन) फोम होता, घासला की पिठासारखा भुगा पडणारा. पूर्वी बहुतेक बोर्ड याच जातीचे असत. कॅलिफोर्नियातली क्लार्क फोम ही फोम पुरवणारी मोठी कंपनी 5 डिसेंबर 2005 रोजी एकाएकी बंद झाली, त्यानंतर थर्माकोल-इपॉक्सीकडे अनेकजण वळले.

काकांचा हात टाक्या आणि छपरं करण्यात बसलेला. त्यांनी वर तीन आणि खाली दोन थर मॅटचे टाकले. मॅट म्हणजे काचेचे तुकडे-तुकडे धागे कसेही पसरून केलेला थर. तो स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त रेझिन पितो. 3 किलोचा बोर्ड 4 किलोला टेकला.

फेब्रुवारीत मुल्कीला कमरेएवढ्या लाटा होत्या. उभं राहणं जमत होतं, सरळ जाणंही. पण लाटेच्या पायथ्याशी वळायला मागच्या पायावर भार दिला की बोर्ड वळण घेण्याऐवजी सरळच निसटायचा. चांगला बोर्ड त्या क्षणी किंचित वाकतो. नोज आणि टेल, म्हणजे पुढचं आणि मागचं टोक, वर उचललेले असतात, तो बाक अजून वाढतो, त्यामुळे वळण आवळतं. भार काढला की बोर्ड सरळ होतो आणि पायाखालून हलका रेटा मिळतो. तो रेटाच नाहीसा झाला होता. पायाखाली दाराची फळी असावी तसं वाटत होतं. तीन दिवस मी माझ्या पायांनाच दोष देत राहिलो.

घरी आल्यावर मित्राचा त्याच मापाचा, त्याच बनावटीचा बोर्ड मागून आणला. दीड मीटर अंतरावर दोन स्टुलं, त्यावर बोर्ड, मध्यावर 20 लिटरचे पाण्याचे दोन जार, आणि लादीपासूनची उंची पट्टीने मोजायची. मित्राचा बोर्ड 9 मिलिमीटर दबला, माझा 5. मला आकड्यापेक्षा जास्त धास्ती ठिगळाच्या कडांची वाटली. मधला भाग वाकत नसेल तर सगळा बाक त्या कडांवर येणार, आणि पुढची मोठी लाट बोर्ड तिथेच मोडणार.

एप्रिलमध्ये गच्चीवर ग्राइंडर लावला. आईने वाळत घातलेल्या कुरडया आधीच खाली नेल्या, कारण काचेची धूळ पोटात जाणं परवडणारं नाही. मॅट उतरवल्यावर आतला फोम तपकिरी आणि ओलसर निघाला. ऑक्टोबरमध्ये मी तो तीनच दिवस वाळवून दिला होता, ती चूक माझी. आता भेग खाली करून बोर्ड ठेवला आणि रोज वजन केलं. सलग चार दिवस काटा हलला नाही तेव्हाच पुढे गेलो.

स्ट्रिंगरच्या दोन्ही बाजूंना पाइनच्या पातळ पट्ट्या इपॉक्सीने बसवल्या, टोकं निमुळती करून, म्हणजे ताठरपणा एकदम संपत नाही. मग कापड. दर चौरस मीटरला साधारण 135 ग्रॅमचं, सर्फर ज्याला चार औंसी म्हणतात ते. पहिला थर भेगेच्या दोन्ही बाजूंना 6 सेंटिमीटर, दुसरा 10, तिसरा 15. इपॉक्सीचा पहिला ग्लास हातातच तापला; खोलगट भांड्यात रेझिन स्वतःच्या उष्णतेनेच भराभर आवळतं. नंतर पसरट ताटलीत मिसळलं. दमट हवेमुळे दुसऱ्या दिवशी वर तेलकट थर आला होता. तो पाण्याने धुऊन काढल्याशिवाय पॉलिश पेपर लावला असता तर मेहनत वाया गेली असती. पूर्ण आवळायला आठवडा दिला.

वजन 3 किलो 200 ग्रॅम. जार ठेवल्यावर 8 मिलिमीटर.

सप्टेंबरच्या शेवटी मुल्कीला सकाळी सहाला पाण्यात उतरलो. तिसऱ्या लाटेवर मागचा पाय दाबला आणि टेल पाण्यात रुतून बोर्ड वळला. भार सैल केला तसा तो रेटाही आला, मित्राच्या बोर्डाहून जरा मंद, पण ओळखीचा.

परतल्यावर बोर्ड काकांना दाखवायला नेला. त्यांनी तो दोन गुडघ्यांवर ठेवला, तळहाताने मध्ये दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग विचारलं, "हे कापड उरलंय का थोडं?"