त्या दिवशी कुणाचाच बैल मोकळा नसतो

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही सातारा-सांगली-सोलापूरकडच्या दुष्काळी माणदेशातली कादंबरी शिकवताना शेकूच्या बायकोचा प्रसंग आला की वर्ग तापतो. शेकूकडे बैल एकच. जोडीला दुसरा मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी स्वतः जू खांद्यावर घेते. माडगूळकर हे मोजक्या शब्दांत सांगतात आणि पुढं जातात. वर्गाला मात्र पुढं जाता येत नाही.

आमचं कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यातलं. बाकांवर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी भातशेती आणि थोडी आंब्याकाजूची कलमं. त्यामुळे त्या दिवशीही निकाल चटकन लागला. “असला कसला नवरा?” हे पहिलं. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “नवऱ्याचं सोडा मॅडम, गाव काय करत होतं? आमच्याकडे लावणीला सावडीनं माणसं येतात. आज माझ्या मळ्यात, उद्या तुझ्या. अख्ख्या वाडीत एक बैल कुणाला देता येऊ नये?” बऱ्याच माना हलल्या. बनगरवाडीची माणसं कोती, असं वहीत लिहून मुलं मोकळी होणार, एवढ्यात खिडकीजवळची मुलगी बोलली. एरवी ती वर्गात फारशी बोलत नाही. वडील एसटीत ड्रायव्हर, मूळ गाव सांगलीच्या दुष्काळी जत तालुक्यात, बदलीमुळे कुटुंब इकडे आलेलं.

“मॅडम, त्या दिवशी कुणाचाच बैल मोकळा नसतो.”

मी तिला पुढं बोलायला सांगितलं. ती जागेवरूनच बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “आमच्याकडे पाऊस पडतो तेव्हा सगळ्यांच्या रानात एकदमच पडतो. मग वापसा यायची वाट बघायची. चिखल असला तर औत चालत नाही आणि उशीर केला तर ओल उडून जाते. आमची जमीन मुरमाड, हलकी. दोन-चार दिवसांत पेरलं तर पेरलं, नाहीतर बी मातीत कोरडंच पडून राहतं. त्या दोन-चार दिवसांत आजोबा सख्ख्या भावालाही बैल द्यायचे नाहीत. आणि भाऊ मागायचाही नाही.”

“मागायचाही नाही,” हे मी फळ्यावर लिहिलं.

मग पावसाचे आकडे काढले. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यात ५०० च्या आसपास, तोही भरवशाचा नाही. एवढं भूगोलाच्या पुस्तकातही असतं. पण या आकड्यांतून माणसांचे स्वभाव कसे निघतात, ते त्या मुलीच्या आजोबांमुळे वर्गाला दिसलं. कोकणात लावणीच्या दिवसांत पाऊस हटत नाही. आज तुझं, उद्या माझं, असं म्हणता येतं, कारण उद्याही खाचरात पाणी असणारच असतं. सावड त्या पाण्यावर चालते. माणदेशात तो ‘उद्या’ नसतो. पेरणीच्या दिवशी बैल देणं म्हणजे स्वतःचं वर्ष देणं, आणि तेवढं कुणी कुणाकडे मागू नये, ही तिथली सभ्यता आहे. शेकूची बायको नवऱ्यावर चिडत नाही, गावाला दोष देत नाही, यातलं मोठेपण त्या मातीचा हिशेब ठाऊक असल्याशिवाय वाचकाच्या हाती लागत नाही. नाहीतर ती फक्त सोशिक बाई वाटते, आणि मला ते वाचन फार अपुरं वाटतं.

याच कादंबरीत तीच वाडी एकत्र येऊन तालीम बांधते. माणसं राबतात, पदरचं देतात. वाडी औंध संस्थानातली आहे, आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे प्रसिद्ध पुरस्कर्ते होते. तिथल्या गावानं तालमीचा ध्यास घ्यावा यात त्या राज्याचीही छाप आहे. बैल न देणारी आणि तालीम बांधणारी माणसं तीच. मधे फक्त हंगाम बदलला आहे. “म्हणजे ती कोती नाहीत,” मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला. “त्या आठवड्यापुरती त्यांच्याकडे द्यायला काही नसतं.”

मी विचारलं, हेच कुटुंब १९४० च्या सुमाराला तुमच्या गावात आणून ठेवा. काय होईल?

दोन मिनिटं गोंधळ. मग एकीनं सांगितलं, “बैलाचा प्रश्नच येणार नाही मॅडम. शेकूच इथं नसेल. तो मुंबईला गिरणीत असेल.” मग सगळे बोलू लागले. घरी बायको, म्हातारी सासू, पोरं. बैलजोडी गोठ्यात, पण नांगर धरायला माणूस नाही. मनिऑर्डर आली की वाण्याची उधारी फेडायची. बांध कुणी सरकवला तर भांडायला तिलाच उभं राहावं लागणार. ही बाई अबोल असून चालणार नाही. तिला तोंड हवं. नवरा गणपतीला आणि शिमग्याला येणार, तेव्हा तोच घरात पाहुण्यासारखा. नावं तीच ठेवली, तरी दोघांची माणसं म्हणून घडण पार वेगळी झाली. पात्रं अशी हलवून बघितली की लेखकानं त्यांना कुठं रोवलं होतं ते कळतं, हे मी कितीही वेळा सांगितलं असतं तरी इतकं पटलं नसतं.

इथं तास संपला असता तर पाऊस आणि माती यांनी सगळं ठरतं, असं मुलांच्या डोक्यात बसलं असतं. तसं झालं नाही, आणि त्याचं श्रेय पहिल्या बाकावरच्या एका मुलीला.

“पण जू तिच्याच खांद्यावर का?” तिनं विचारलं. “शेकू अंगानं दणकट असेल ना? त्यानं ओढायचं, तिनं औत धरायचं. ओल तेवढ्याच वेळात राहील.”

जतच्या मुलीकडे सगळे बघू लागले. ती थोडा वेळ थांबली. “बाईनं नांगराला हात लावायचा नाही म्हणतात आमच्याकडे.”

“आमच्याकडेपण,” दुसरी कुणीतरी म्हणाली.

“म्हणजे ओढायला चालतं, धरायला चालत नाही?”

उत्तर कुणी दिलं नाही. मीही दिलं नाही, कारण प्रश्नातच सगळं आलं होतं. घाई का होती, ते पावसानं सांगितलं. गावानं मदत का केली नाही, ते मातीनं सांगितलं. भार कुणी वाहायचा, हे मात्र माणसांनी ठरवलेलं होतं, आणि ते ५०० मिलिमीटरच्या गावात जसं होतं तसंच ३,००० मिलिमीटरच्या गावातही. ‘वातावरणनिर्मिती’ असा प्रश्न परीक्षेत येतो आणि मुलं ‘लेखकाने माणदेश हुबेहूब उभा केला आहे’ असं लिहून गुण घेतात. त्या उत्तरात माळ असतो, मेंढरं असतात, ऊन असतं. रूढी नसते. माझ्या मते कादंबरीतलं गाव या दोन्हींचं मिळून बनतं. मातीमुळे माणसाला काय परवडत नाही ते कळतं. रूढीमुळे कुणाला काय सोसावं लागतं ते. एक सोडून दुसरं वाचलं की पात्र अर्धंच दिसतं.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मुलं गोष्टी आणून देतात. त्यात गाव असतं, पण बहुतेकदा पार, देऊळ आणि संध्याकाळ एवढंच. आता गोष्ट हातात घेतली की मी पहिल्यांदा विचारते, “तुझ्या या गावात वर्षातल्या कुठल्या दिवसांत कुणी कुणाच्या मदतीला जाऊ शकत नाही? आणि तेव्हा घरातलं कोण जास्त राबतं?” मागच्या बाकावरच्या मुलानं दोन भावांच्या भांडणाची गोष्ट लिहिली होती, भांडण दिवाळीत, अंगणात. प्रश्न ऐकून तो वही परत घेऊन गेला. आठवड्यानं आणली तेव्हा भांडण मे महिन्याच्या अखेरीला गेलं होतं. वळवाचं आभाळ भरून आलंय, झाडावरचा हापूस उतरवायचा राहिलाय, गडी दोघांनाही हवेत, आणि पेट्या भरायला पहाटेपासून बसलीय ती धाकट्याची बायको, जिचं दिवाळीच्या खर्ड्यात नावसुद्धा नव्हतं.