थरच्या वाळवंटात हिवाळाभर मुक्काम: साठीनंतरच्या मोटारसायकलस्वारासाठी

दर डिसेंबरात जैसलमेरच्या पलीकडे, पाकिस्तान सीमेजवळच्या तनोटच्या रस्त्यावर महाराष्ट्र पासिंगच्या मोटारसायकली दिसतात. बहुतेक जण दहा दिवसांची रजा काढून आलेले असतात. चार दिवस जायला, चार यायला, मधल्या दोन दिवसांत सम, लोंगेवाला आणि तनोट उरकायचं. निवृत्त माणसाला ही धावपळ करायचं कारणच नाही. दिवाळी झाली की निघावं आणि होळीच्या आत परतावं. त्यातले दीड-दोन महिने एकाच जागी तंबू ठोकून राहावं, गाडी रोज वीस-तीस किलोमीटर फिरवावी. असं राहिलं तरच वाळवंट कळतं.

पण मुक्काम म्हटला की तयारी बदलते. राइडला निघालेला माणूस इंजिनचा विचार करतो. मुक्कामाला आलेल्याने आधी पाण्याचा, मग थंडीचा आणि शेवटी गाडीचा करावा.

पुणे ते जैसलमेर हे अंतर अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर मार्गे साधारण साडेबाराशे किलोमीटर. दिवसाला तीनशेच्या वर जाऊ नका, म्हणजे पाचव्या दिवशी आरामात पोहोचता. कंबर कुरकुरत असेल तर गाडी रेल्वेने जोधपूरला न्या आणि पुढचे २८५ किलोमीटर दोन दिवसांत करा. वांद्रे टर्मिनसहून जोधपूरला जाणाऱ्या सूर्यनगरी एक्सप्रेसचं तिकीट असेल तर गाडी ‘लगेज’ म्हणून त्याच गाडीत टाकता येते. तिकीट नसेल तर ती ‘पार्सल’ होते आणि जागा मिळेल तशी जाते. टाकी पूर्ण रिकामी लागते. आरसे आणि क्लच-ब्रेकच्या लिव्हर गोणपाटात नीट गुंडाळून घ्या, उतरवताना आधी त्याच मोडतात. आरसी आणि विम्याच्या दोन-दोन प्रती जवळ ठेवा.

जागा निवडताना सम हे वाळूच्या टेकड्यांजवळचं पर्यटकांचं गाव टाळा. नाताळ ते नववर्ष तिथे रात्रभर डीजे असतो. माघ पौर्णिमेच्या मरु महोत्सवातही गर्दी आणि भाव दोन्ही चढतात. उघड्या टेकड्यांत मनाला येईल तिथे तंबू लावायचा विचारही सोडून द्या. सम आणि खुडीचा परिसर डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहे. हे उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. माळढोक पक्षी इथे शेवटचा तग धरून आहे. तिथले लोक त्याला गोडावण म्हणतात. सोलापूरजवळच्या नान्नजला आपण हा पक्षी जवळपास गमावला आहे, त्यामुळे त्याच्या घरात गाडी घालायचा आपल्याला हक्क नाही. ठरलेली वाट सोडून वाळूत गाडी फिरवाल तर जमिनीवरची त्याची अंडी चिरडू शकतात.

योग्य जागा म्हणजे ढाणीशेजारची पडीक जमीन. ढाणी म्हणजे आपली वस्ती: शेतातली चार-सहा घरं. घरातल्या वडीलधाऱ्याला ‘राम राम सा’ घालून विचारा. जागा, रोजचं पाणी, दूध आणि शौचालय यांचे महिन्याचे पैसे पहिल्याच दिवशी ठरवा आणि आगाऊ द्या. मग जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन नाव, फोन आणि गाडीचा नंबर लिहिलेला कागद देऊन या. हा सीमेचा जिल्हा आहे. अनोळखी माणूस महिनाभर राहतोय, ही बातमी तुमच्याआधी तिथे पोहोचते. मूळ आधार कार्ड सतत जवळ हवं. तनोट आणि लोंगेवालापर्यंत भारतीय नागरिक जाऊ शकतो, प्रत्यक्ष सीमेवर जायला बीएसएफची (सीमा सुरक्षा दलाची) परवानगी लागते. परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना सीमेलगतच्या पट्ट्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. ड्रोन घरीच ठेवा. सॅटेलाइट फोन तर अजिबात नको. विनापरवाना बाळगणं हा भारतात गुन्हा आहे, अमेरिकेतून येणारे नेमके इथेच अडकतात. वाळूत लोखंडाचा तुकडा दिसला तर हात लावू नका, या भागात लष्कराचे सराव चालतात.

आता पाणी. माणशी रोज चार लिटर पिण्या-शिजवण्याला आणि दोन लिटर हातपाय धुण्याला, म्हणजे सहा लिटर. तीन दिवसांचं अठरा लिटर म्हणजे अठरा किलो. ते एका कॅनमध्ये भरून एका बाजूला लटकवलं की वळणावर गाडी त्याच अंगावर झुकते. दहा-दहा लिटरचे दोन कॅन दोन बाजूंना, शक्य तितके खाली आणि तोंडापर्यंत भरलेले ठेवा. अर्धवट कॅनमधलं पाणी ब्रेक लावला की हिंदकळतं आणि गाडीचा तोल बिघडतो.

इथलं भूजल बहुतेक ठिकाणी खारट आहे आणि त्यात फ्लोराइड असतं. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. कपड्याने गाळूनही उपयोग नाही. पिण्यासाठी गावातल्या आरओ केंद्राचं किंवा इंदिरा गांधी कालव्यावरच्या नळयोजनेचं शुद्ध केलेलं पाणी घ्या. ढाणीवर टांका असतो. पावसाचं पाणी साठवायचं ते भूमिगत टाकं घराला पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं असतं. न विचारता त्यात बादली सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या कणगीत हात घालणं. दिलं तरी ते पिण्यापुरतं घ्या. अंघोळ आठवड्यातून एकदा, एरवी ओल्या पंच्याने अंग पुसायचं. भांडी आधी कोरड्या वाळूने घासायची, मग मूठभर पाण्याने विसळायची. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पिऊ नका. हवा इतकी कोरडी असते की घाम दिसण्याआधी वाळतो. लघवी गडद पिवळी झाली तर समजा की पाणी कमी पडतंय.

थंडीबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. जानेवारीत दुपारी पारा २३-२४ अंशांवर असतो आणि पहाटे ७-८ वर येतो. थंडीची लाट आली की तो शून्याजवळ जातो. वाळू उष्णता धरून ठेवत नाही आणि हवेत बाष्प नसल्याने सूर्य मावळताच गारठा पडतो. त्यात डिसेंबरच्या अखेरीस रात्र साडेतेरा तासांची असते. पूर्वेला राहणाऱ्यांच्या मानाने इथे उजाडायलाही उशीर, साडेसात वाजतात.

दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत तंबू लावू नका. थंड हवा जड असते, ती रात्री तिथेच साचते. टेकडीच्या माथ्यावर वारा लागतो. मधल्या उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला, दार पूर्वेकडे येईल अशी जागा उत्तम, कारण सकाळचं पहिलं ऊन आत येतं. साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. प्रत्येक दोरीसाठी साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरची कापडी पिशवी वाळूने भरा, तिच्या कमरेला दोरी बांधा आणि हात-दीड हात खोल पुरून वर पाय देऊन दाबा. काठी आडवी पुरून मध्यभागी दोरी बांधली तरी चालते. पुरलेल्या वाळूवर जितका भार, तितकी पकड. मावठ, म्हणजे तिकडचा हिवाळी पाऊस, झाल्यावर मात्र दोऱ्या पुन्हा ताणून घ्या. तंबूची झिप अडली तर तेल लावू नका, त्याला वाळू चिकटते. दात घासायच्या जुन्या ब्रशने झाडून मेणबत्ती घासा.

झोपताना खालचं अंथरूण वरच्या पांघरुणाहून महत्त्वाचं. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग अंगाखाली दबतो आणि दबलेलं भरण ऊब देत नाही. फोमच्या चटया एकावर एक दोन घ्या, त्यावर गोधडी. बॅगवर दोन आकडे असतात: ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’. साठीनंतर पहिला आकडाच बघा, तो शून्य अंश किंवा त्याखाली हवा. ढाणीवरची खाट मिळाली तर गुडघ्यांना सोय होते, पण खालून वारा खेळतो, म्हणून चटई खाटेवरही हवीच. रुंद तोंडाची झाकणाची बाटली उशाशी ठेवा. रात्री दोनदा उठून तंबूबाहेर जाण्यात थंडीपेक्षा ठेचकाळण्याचा धोका मोठा.

तंबूत शेगडी, स्टोव्ह किंवा निखाऱ्यांची घमेली कधीही, पाच मिनिटांसाठीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो.

औषधांचं इथेच सांगतो. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, वितळल्यावर ठीक दिसलं तरी ते टोचायचं नाही. रात्री ते कपड्यात गुंडाळून स्लीपिंग बॅगेत कमरेजवळ ठेवा, दुपारी सावलीत ओल्या फडक्याच्या मातीच्या भांड्यात. थंडगार ग्लुकोमीटर चुकीचा आकडा किंवा ‘एरर’ दाखवतो, आधी दहा मिनिटं खिशात गरम करा. थंडीत रक्तदाब चढतो. डॉक्टरांना निघण्याआधी दोन महिन्यांचा बेत सांगून गोळ्यांचं प्रमाण विचारून घ्या. झोपेत सीपॅप (श्वासमार्ग उघडा ठेवणारं) यंत्र लागणाऱ्यांनी तंबूचा हट्ट सोडून ढाणीवरच्या खोलीत, वीज असेल तिथे झोपावं. ते रात्रभर चालवण्याइतकी वीज मोटारसायकलवरच्या सामानातून मिळत नाही. बाकी फोन आणि दिव्यासाठी ३० वॉटचं घडीचं सोलर पॅनल आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते. इंजिन बंद ठेवून गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज केलात, तर थंड सकाळी स्टार्टर नुसता कण्हत बसेल.

स्वयंपाकाला गॅसचे छोटे पत्र्याचे डबे घेणारे पहाटे चहाला मुकतात. त्यात बहुधा निव्वळ ब्युटेन असतं आणि ते उणे अर्ध्या अंशाला उकळतं. हवा त्या आकड्याच्या जवळ आली की डब्यात दाबच तयार होत नाही. डबा रात्री अंथरुणात घ्या किंवा कोमट पाण्याच्या ताटात ठेवा, गरम पाण्यात कधीच नको. लांबच्या मुक्कामाला जैसलमेरातून पाच किलोचा सिलिंडर घेणं सगळ्यांत सोपं. त्यात प्रोपेनही असल्याने थंडीत तो चालतो. दोन लिटरचा कुकर आणाच, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. बाजरी तिथे घरोघरी, त्यामुळे भाकरीची अडचण नाही. फक्त पीठ एका वेळी किलोभरच दळून घ्या. बाजरीत तेल असतं, जुनं पीठ कडू होतं. केर-सांगरी, म्हणजे तिकडची वाळवलेली फळं आणि शेंगा, रात्री भिजत घालून सकाळी तेल-मिरचीत परतली की दोन वेळचं कालवण होतं. लाकडासाठी खेजडी, रोहिडा किंवा केर तोडू नका. ओरण, म्हणजे देवराईतली, वाळकी काटकीही उचलायची नाही. जळण हवं तर ढाणीवरून विकत घ्या.

गाडी. टारवर कंपनीने सांगितलेली हवा आणि वाळूत १६ ते १८ पीएसआय. ट्यूबच्या टायरमध्ये १५ च्या खाली उतरलात तर टायर रिमवर सरकतो, ट्यूब सोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. ते पंक्चर ठिगळाने निघत नाही. पुन्हा हवा भरायला पायपंप हवा. वाळूत सकाळी नऊ-साडेनऊच्या आत जा. दवाने ओलसर झालेली थंड वाळू घट्ट असते, दुपारी तीच पिठासारखी होते.

चाक रुतलं की रेस करू नका, मागचं चाक स्वतःचा खड्डा खोदतं आणि अर्ध्या क्लचवर प्लेटा जळतात. सामान उतरवा. पेट्रोल कॉक असेल तर बंद करा आणि गाडी हळू आडवी करा. चाकाखालचा खड्डा पायाने बुजवा, मग गाडीला पाठ टेकवून गुडघ्यांच्या जोरावर उभी करा. शेवटी पहिल्या गिअरमध्ये शेजारून चालत बाहेर काढा. स्टँडखाली घालायला तळहाताएवढा जाड प्लायचा तुकडा दोरीसकट बांधून ठेवा. चेनला चिकट स्प्रे नको, वाळू मिसळून त्याचा खरडपेपर होतो. मेणाचा कोरडा स्प्रे वापरा आणि रॉकेलने पुसत जा. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल लावाल तर रबर फुगतं. एअर फिल्टर कागदी असेल तर आठवड्याला आतून बाहेर झटका, तेल लावू नका. एक नवा सोबत हवाच.

पंक्चर वाळूने होत नाही, विलायती बाभळीच्या काट्याने होतं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आत सुती फडकं फिरवा. मोडलेलं टोक फडक्याला अडकतं, बोटाला कळत नाही. सोल्युशनच्या दोन न फोडलेल्या ट्यूबा ठेवा, फोडलेली आठवड्यात सुकते. पेट्रोल तनोटच्या वाटेवरच्या रामगढला पूर्ण भरा, पुढे पंपाच्या भरवशावर जाऊ नका.

परत निघण्याआधी गाडीवर प्रेशरचं पाणी मारू नका, वाळू बेअरिंगमध्ये शिरते. जैसलमेरात हवेने फुंकून घ्या, फिल्टर बदला, चेनचा ताण बघा, टायरमधली हवा टारच्या आकड्यावर आणा. उरलेला सिलिंडर, फोमच्या चटया आणि पाण्याचे कॅन ढाणीवर विचारून ठेवून या. पुढच्या दिवाळीनंतर तेवढं वजन घरून न्यावं लागत नाही.