स्पार्कस्टेशन ५ ची नोंदवही : हरवलेला होस्टआयडी सापडला

मंडळी, तीन महिन्यांपूर्वी घरी आलेलं स्पार्कस्टेशन ५, म्हणजे सन कंपनीचा जुना संगणक, परवा रात्री पहिल्यांदा स्वतःच्या मूळ ओळखीनं, म्हणजे कारखान्यात मिळालेल्या इथरनेट पत्त्यानं आणि होस्टआयडीनं (यंत्राच्या ओळख क्रमांकानं), उठलं. कुणाच्या कपाटात असंच यंत्र पडून असेल तर उपयोगी पडावं म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

मे

भोसरीत एका भंगारवाल्याकडे ते सापडलं. "साहेब, याच्यावर विंडोज चढत नाही, म्हणून पडून आहे," एवढंच तो म्हणाला. अडीच हजारांत सौदा झाला. ११० मेगाहर्ट्झचा मायक्रोस्पार्क-२ प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, टर्बोजीएक्स ग्राफिक्स कार्ड आणि आत मूळची हार्ड डिस्क. ती डिस्क पाहिल्यावर मी भाव करायचं सोडून दिलं. १९९७ साली कॉलेजच्या लॅबमध्ये मी पहिल्यांदा युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पाहिली ते याच जातीच्या चपट्या डब्यावर. तेव्हा आठवड्यातून एक तास मिळायचा.

पुढच्या बिल्ल्यावरची धूळ पुसताना सनचं चिन्ह परत नीट पाहिलं. स्टॅनफर्डच्या वॉन प्रॅट यांनी ते असं रचलंय की चौकोनाच्या कुठल्याही बाजूनं वाचलं तरी 'सन' हाच शब्द दिसतो. १९८२ मध्ये कंपनी काढणाऱ्या चौघांपैकी विनोद खोसला यांचा जन्म आपल्या पुण्यातला. पुण्यातल्या सी-डॅक या संगणन संस्थेचा १९९८ चा परम १०००० हा महासंगणकही सनच्या एंटरप्राइज २५० सर्व्हरांवर उभा होता. या यंत्रांचं आणि या शहराचं नातं जुनं आहे, आणि असा डबा इथल्या भंगारात वितळू नये असं मला मनापासून वाटतं.

जून

इतकी वर्षं बंद असलेला पॉवर सप्लाय थेट भिंतीच्या सॉकेटला लावू नका. मी मदरबोर्ड सोडवून ठेवला, पाच व्होल्टच्या तारेवर गाडीचा एक बल्ब लोड म्हणून जोडला आणि मेन्सला शंभर वॅटचा सिरीज बल्ब लावला. सिरीजचा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. माझा मंद झाला. तरी पाच व्होल्टच्या बाजूला लहर जास्त दिसत होती, म्हणून आउटपुटचे चार कपॅसिटर बदलले. पासोड्या विठोबापाशी ज्या काकांकडून मी नेहमी सामान घेतो त्यांनी १०५ डिग्रीचे काढून दिले आणि वर बजावलं, "अरे, पाय तापवून ओढू नकोस, आधी जुनं सोल्डर काढ." ऐकलं, म्हणून पॅड शाबूत राहिले.

कीबोर्ड जोडलेला नसला की हे यंत्र आपोआप सिरियल पोर्ट ए वर बोलतं, ९६०० च्या वेगानं. केबलला तीन तारा पुरतात: २५ पिनी बाजूच्या २, ३ आणि ७ क्रमांकाच्या पिना ९ पिनी बाजूच्या २, ३ आणि ५ ला. आकडे सरळ दिसले तरी हीच उलटी केबल आहे, कारण दोन्ही कनेक्टरांत पाठवायची आणि घ्यायची पिन अदलाबदल झालेली असते.

लॅपटॉपवर अक्षरं उमटली. आयडीप्रॉममधला (यंत्राची ओळख साठवणाऱ्या जागेतला) मजकूर अवैध, इथरनेट पत्ता सगळा एफएफ, होस्टआयडीही तसाच. अपेक्षित होतंच. या यंत्राची ओळख एम४८टी०८ नावाच्या २८ पायांच्या चिपमध्ये राहते: ८ किलोबाइट मेमरी, घड्याळ आणि वर एपॉक्सीत गाडलेला लिथियम सेल. सेल साधारण दहा वर्षांचा धनी. हे यंत्र १९९४ च्या पिढीतलं, म्हणजे ती मुदत केव्हाच उलटून गेली.

जुलै

इथे बहुतेक जण सोपी वाट धरतात. यंत्र सुरू होताना मिळणाऱ्या 'ओके' प्रॉम्प्टवर हवा तो पत्ता घालता येतो, आणि वर्षानुवर्षं फिरणाऱ्या सूचनांमध्ये नमुना म्हणून ८:०:२०:सी०:एफएफ:ईई, म्हणजे 'कॉफी', हा पत्ता दिलेला असतो. त्यामुळे जगभरात कितीतरी सन यंत्रं याच नावानं जगताहेत. काम चालतं. पण अशी दोन यंत्रं एका नेटवर्कवर आली की भांडतात, आणि मला तर उसनं नाव द्यायचंच नव्हतं. कारखान्यातून निघताना या डब्याला मिळालेला आकडा कुठेतरी लिहिलेला असणार, असं मन सांगत होतं.

तो डिस्कवर होता. ८० पिनी डिस्क अडॅप्टर लावून जुन्या पीसीच्या स्कझी (डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीच्या) कार्डाला जोडली. बेअरिंग किंचाळत होतं, तेव्हा आधी डीडीरेस्क्यू या डिस्क वाचवणाऱ्या प्रोग्रॅमनं पूर्ण प्रतिमा (हुबेहूब नक्कल) काढली आणि डिस्क बाजूला ठेवून दिली. (हा क्रम कधीही उलटा करू नका. फायली चाळत बसलात तर डिस्क मधेच जीव सोडते.) प्रतिमा लिनक्सवर यूएफएस फाइल सिस्टिम म्हणून, सन प्रकार सांगून, फक्त वाचण्यापुरती माउंट केली. सोलारिस ही सनची ऑपरेटिंग सिस्टिम बूट होताना कर्नल आपला इथरनेट पत्ता छापतो आणि ती ओळ व्हार-ॲडम डिरेक्टरीतल्या मेसेजेस फाइलीत जाते. ताजी फाइल रिकामी होती. मागे सरकवलेल्या चार जुन्या फाइलींपैकी तिसरीत ती ओळ मिळाली, ८:०:२० नं सुरू होणारी.

होस्टआयडी मात्र तिथे नव्हता, आणि तो पत्त्यावरून काढता येत नाही. दोन दिवस शोधल्यावर एका जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरची फ्लेक्सएलएम (सॉफ्टवेअरचे परवाने तपासणाऱ्या प्रणालीची) परवाना फाइल दिसली. तिच्या सर्व्हरच्या ओळीत यंत्राचं नाव आणि त्यापुढे होस्टआयडी असतो! आकडा ८० नं सुरू होत होता, म्हणजे स्पार्कस्टेशन ५ चा यंत्रप्रकार बरोबर जुळला. रात्रीचे पावणेदोन वाजले होते, घरात कुणाला उठवून सांगावं तेही कळेना.

डिस्कवर कुणाकुणाच्या होम डिरेक्टरी आहेत. त्या मी उघडल्या नाहीत, आणि ही प्रतिमा कुणाला देणारही नाही.

ऑगस्ट

चिपच्या एका टोकाचं एपॉक्सी बारीक कानशीनं घासत गेलं की सेलकडे जाणाऱ्या दोन पट्ट्या दिसतात. त्या जुन्या सेलपासून पूर्ण तोडल्या, नाहीतर नवा सेल मेलेल्या सेलमध्ये रिकामा होत राहतो. मग दोन तारा काढून सीआर२०३२ चा होल्डर लावला. पुढच्या वेळी पाच मिनिटांचं काम.

मग आकडे भरले. ओके प्रॉम्प्ट देणारं ओपनबूट हे फर्मवेअर फोर्थ या भाषेत लिहिलेलं आहे, त्यामुळे आधी किंमत, मग जागा, मग 'एमकेपी' हा शब्द. आकडे सोळाच्या पद्धतीतले, म्हणजे ९ नंतर ए ते एफ: जागा ० मध्ये १, जागा १ मध्ये ८०, २ ते ७ मध्ये इथरनेट पत्ता, ८ ते बी मध्ये उत्पादनाची तारीख, सी ते ई मध्ये होस्टआयडीचे शेवटचे तीन बाइट आणि एफ मध्ये आधीच्या पंधरा बाइटांचा एक्सॉर (बिटांवरच्या क्रियेतून निघणारा पडताळणीचा बाइट). हा शेवटचा बाइट चुकला की सगळंच अवैध. माझा पहिल्यांदा चुकला, कारण होस्टआयडीतला एक बी मी ८ वाचला होता.

परवा नेटबीएसडी ही मोफत युनिक्स प्रणाली नेटवर्कवरून बूट केली. यंत्र रार्प या प्रोटोकॉलनं स्वतःचा इथरनेट पत्ता पुकारतं, लॅपटॉप त्याला आयपी देतो आणि टीएफटीपी या फाइल पाठवायच्या प्रोटोकॉलवर ते आपला आयपी सोळाच्या पद्धतीत लिहून होणाऱ्या नावाची फाइल मागतं. १९२.१६८.१.५ असेल तर फाइलीचं नाव सी०ए८०१०५ आणि पुढे टिंब देऊन सन४एम (यंत्राचा वर्ग). अक्षरं कॅपिटलच हवीत, माझी संध्याकाळ तिथेच गेली. दहा मेगाबिटवर कर्नल सावकाश उतरला. लॉगिन झाल्यावर पहिली आज्ञा होस्टआयडी पाहायची दिली. परवाना फाइलीतला आकडा समोर आला.

घड्याळही चालतंय. सन त्यात १९६८ पासूनची वर्षं दोन आकड्यांत मोजतं, म्हणजे २०६७ पर्यंत काळजी नाही.

आता ब्लूस्कझीवर (मेमरी कार्डाला स्कझी डिस्क म्हणून दाखवणाऱ्या बोर्डावर) डिस्कची प्रतिमा टाकून सोलारिस उठवायचं. डिस्कला स्कझी आयडी ३ द्यायचा, सन पहिली डिस्क तिथे शोधतं. सीडीचा आयडी ६, आणि ड्राइव्ह ५१२ बाइटांचे ब्लॉक देणारा हवा. माउस मिळालाय, पण तो जाळीच्या रेघांच्या चकचकीत धातूच्या पॅडशिवाय हलत नाही. कुणाकडे जास्तीचा पॅड असेल तर कळवा.

आयडीप्रॉममधले उत्पादनाच्या तारखेचे चार बाइट अजून शून्य आहेत. डिस्कवर ती तारीख सापडली नाही, आणि अंदाजानं भरायची नाही.