पोलोच्या फेंडरची आतली कड वळवून घेताना

चाकाच्या कमानीखाली हात घालून बोट वर फिरवलं, की आत काटकोनात वळलेली पत्र्याची पट्टी लागते. गाडी कंपनीतून आली तशीच असेल तर या पट्टीकडे कुणाचं लक्षही जात नाही. गाडी खाली बसवली आणि रुंद चाकं टाकली, की मात्र सगळा हिशेब तिच्यापाशी येऊन अडतो. खड्ड्यात मागची बाजू दबली की टायरचा खांदा थेट तिच्यावर जातो आणि पत्र्याची धार साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, कापते. चाकावरचा बॉडीचा पत्रा म्हणजे फेंडर, आणि फेंडर रोलिंग म्हणजे ही पट्टी तापवून, दाबून, आतल्या आत वर वळवणं. बाहेरून कमान होती तशीच दिसते, आत काही मिलिमीटर जागा होते.

माझी फोक्सवॅगन पोलो आहे, पेट्रोल. चाकणच्या कारखान्यातलं पोलोचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं, त्यामुळे ही गाडी मला जपून, पुढची कित्येक वर्षं चालवायची आहे. या कामातला माझा प्रत्येक निर्णय त्या एका गोष्टीवरून झाला. पत्रा कापायचा नाही, गंजायला वाव ठेवायचा नाही.

आधी चाकांचं गणित, कारण इथेच बरेच जण नुसतं 'बसतंय का' एवढं विचारून थांबतात. माझी मूळ रिम 15 इंची, 6J, ऑफसेट 40. नवी घेतली ती 16 इंची, 7J, ऑफसेट 35. J च्या आधीचा आकडा म्हणजे रिमची रुंदी, इंचात; ऑफसेट म्हणजे चाक गाडीला जिथे टेकतं तो पृष्ठभाग रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते. एक इंच रुंदी वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण 12.7 मिलिमीटर, आणि ऑफसेट 5 ने कमी झाला म्हणजे अख्खं चाक 5 मिलिमीटर बाहेर. रिमची बाहेरची कड जवळपास 18 मिलिमीटर बाहेर आली. टायर 185/60 आर15 चा 205/50 आर16 झाला. यातला पहिला आकडा रुंदीचा; नवा टायर 20 मिलिमीटर अधिक रुंद, म्हणजे टायरची बाहेरची बाजू 10 अधिक 5, असे 15 मिलिमीटर बाहेर. आतल्या बाजूला फक्त 5, त्यामुळे शॉकअप आणि आतल्या भिंतीची काळजी नव्हती. टायरचा व्यास 603 वरून 611 झाला, सव्वा टक्क्याच्या थोडा वर; स्पीडोमीटरला तो चालतो. पोलोचा पीसीडी 5x100, म्हणजे पाच बोल्ट 100 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, आणि चाक ज्यावर बसतं त्या हबचा मधला उंचवटा 57.1 मिलिमीटरचा. नव्या रिमचं मधलं भोक त्याहून मोठं होतं म्हणून मधली फट भरायला हब रिंगा घेतल्या. स्प्रिंगांनी गाडी साधारण 35 मिलिमीटर खाली आली, म्हणजे 165 च्या जागी 130 चा ग्राउंड क्लिअरन्स राहिला.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असायला हवा. तसा असेल तर 130 ची गाडी आरामात जाते. आमच्या घोडबंदर रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये सोसायट्यांनी घातलेले गतिरोधक मात्र आखूड आणि उंच आहेत, आणि मेट्रोच्या कामाने मुख्य रस्त्याचा पृष्ठभाग किती बदलत राहिला ते रोज जाणाऱ्याला माहीत आहे. इथे चाक पूर्ण वर दबणार, हे धरूनच चालायला हवं. शोरूमसमोरच्या सपाट जागेवर दोन बोटं गॅप दिसली म्हणजे काम झालं, असं होत नाही.

म्हणून मोजमाप केलं ते स्प्रिंग काढून. पोलोला मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा, आहे आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसते, त्यामुळे ती सहज काढता येते. गाडी स्टँडवर, स्प्रिंग बाहेर, नवं चाक बसवलेलं, आणि बीमखाली जॅक लावून चाक हळूहळू वर, बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारा रबरी ठोकळा) दबेपर्यंत. फेंडरच्या कडेला मुलांच्या खेळण्यातल्या क्लेच्या गोळ्या चिकटवल्या होत्या. चाक वर गेलं तेव्हा कमानीच्या वरच्या भागातल्या गोळ्या पार चपट्या झाल्या, बंपरकडच्या आणि दाराकडच्या तशाच राहिल्या. कुठे वळवायचं आणि किती, याचा नकाशाच हातात आला. पुढच्या चाकांना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघितलं. तिथे टायर पत्र्याला जेमतेम शिवत होता, पण लायनरच्या, म्हणजे कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराच्या, स्क्रूचं डोकं त्याच्या अगदी समोर होतं. हे मला सर्वांत धोक्याचं वाटलं. पत्रा टायर घासतो, स्क्रू टायर फाडतो.

आता सल्ले. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरने कड उडवून देऊ म्हणाले, अर्ध्या तासाचं काम. पुढच्या फेंडरला एकच पत्रा असतो, तिथे निदान फक्त धार उघडी पडते. मागे तसं नाही. मागे बाहेरचा क्वार्टर पॅनेल आणि आतली चाकाची भिंत, असे दोन पत्रे त्या कडेत एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड केलेले असतात. कड कापली की वेल्ड जातात आणि दोन पत्रे सुटे होतात. दुसरीकडे फडकं गुंडाळलेला लोखंडी पाइप टायर आणि फेंडरच्या मधे घालून गाडी पुढेमागे ढकलण्याची पद्धत सुचवली. परदेशात हेच काम बेसबॉलच्या बॅटने करतात. यात दाब किती पडतोय यावर कुणाचाच ताबा नसतो, आणि बाहेरच्या पत्र्याला लाट आली की ती रंगात कायमची दिसते. दोन्हींना मी नाही म्हटलं.

वागळे इस्टेटमध्ये एका गल्लीत छोटा गाळा असलेले एक डेंटर काका आहेत. आयुष्यभर पत्र्याचं काम केलेला माणूस. त्यांनी गाडीखाली वाकून कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हा रंग कंपनीचा आहे ना? मधे कधी ठोकलेली?" मी नाही म्हटलं तरी त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक चारही कमानींवरून फिरवलं. पुट्टी असती तर चुंबकाची पकड ढिली पडली असती, आणि पुट्टीवरचा रंग वळवताना हमखास तडकतो. चारही ठिकाणी चुंबक घट्ट बसलं.

"काका, रोलर आणला तर कराल?"

"करेन. पण घाई करायला सांगायचं नाहीस, आणि माझ्या हातात मशीन असताना मला शिकवायचं नाहीस."

रोलर ऐरोलीच्या एका ओळखीच्या मुलाकडून भाड्याने आणला. हबला बसणारी प्लेट, तिच्यावर फिरणारा दांडा, टोकाला पॉलियुरेथेनचं चाक आणि दाब वाढवायला स्क्रू, एवढंच ते यंत्र. पण फोक्सवॅगनला नट-स्टड नसतात, बोल्ट असतात, एम14 चे. रोलरची प्लेट अलॉय चाकापेक्षा पातळ. चाकाचेच बोल्ट लावले तर ते हबच्या पलीकडे जास्त बाहेर येतात, आणि मागे ड्रम ब्रेक असल्याने आत ब्रेकच्या भागांना अडकू शकतात. काकांनी प्रत्येक बोल्टखाली जाड वॉशर घातले आणि ड्रम हाताने फिरवून बघितला, मगच पूर्ण आवळलं. ज्यांच्या गाड्या बोल्टवाल्या आहेत त्यांनी हे नक्की बघावं.

दुसरी बारीक गोष्ट. गाडी उचलली की हब खाली लोंबतो आणि रोलरच्या दांड्याचा मध्य कमानीच्या मध्यापासून सरकतो. मग चाक वर मधोमध टेकतं आणि कडेला सुटतं. आम्ही स्प्रिंग काढलेलीच ठेवली होती, त्यामुळे बीमखाली जॅक लावून हब हवा तेवढा वर घेता आला. हँडब्रेक ओढला आणि सुरुवात केली.

मे महिन्याची दुपार निवडली होती. पत्रा आधीच गरम, त्यामुळे हीट गनचं निम्मं काम उन्हाने केलं. गन एका जागी धरायची नाही, बाहेरून आणि आतून सतत फिरवत राहायची. इन्फ्रारेड थर्मामीटर माझ्या हातात होता आणि 60 ते 65 अंशांवर काकांना सांगायचं हे माझं काम. कंपनीचा रंग याच्या दुपटीहून जास्त तापमानाला भाजलेला असतो, त्याला यात काही होत नाही. तो फक्त थोडा मऊ होतो आणि पत्र्याबरोबर वाकतो. थंड रंग वाकत नाही, फुटतो. काका माझा आकडा ऐकायचे, पण हाताचा मागचा भाग पत्र्याला लावून खात्री करूनच रोलर हलवायचे.

पुढची दोन्ही चाकं भराभर झाली. एकच पत्रा, कड 45 अंशांपर्यंत वर घेतली आणि थांबलो. लायनरचे टायरसमोरचे स्क्रू काढून चपट्या डोक्याचे लावले.

मागे मात्र दोन पत्रे. पहिल्या फेरीत रोलर नुसता टेकवून नेला, कडेला काही फरक दिसला नाही. स्क्रू पाव वळसा, पुन्हा उष्णता, पुन्हा एक फेरी. पुन्हा पाव वळसा. प्रत्येक फेरीनंतर काका बाहेर येऊन कमानीकडे तिरप्या नजरेने बघायचे, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब रंगात सरळ आहे का ते. रेघ कुठे वाकडी दिसली की तिथे बाहेरचा पत्रा खेचला जातोय. एकदा दाराच्या बाजूला ती किंचित हलली. काकांनी दाब लगेच सोडला, तेवढाच भाग पुन्हा तापवला आणि त्या टोकाला पुढच्या फेऱ्या लहान केल्या. मला आजही ती जागा दाखवता येणार नाही, इतकं ते सरळ आलं. बंपर जिथे कमानीला जोडलेला असतो तो भाग आम्ही सोडून दिला. क्लेच्या गोळ्यांनी तिथे जागा आहे हे आधीच सांगितलं होतं.

उजव्या मागच्या कमानीला वेगळी काळजी घेतली. पोलोची पेट्रोलची टोपी त्याच बाजूला आहे आणि टाकीकडे जाणारा प्लास्टिकचा पाइप लायनरच्या मागून उतरतो. तिथे हीट गन आतल्या बाजूने वापरलीच नाही. पाइपवर ओलं गोणपाट, शेजारी अग्निशामक, आणि उष्णता फक्त बाहेरून. वेळ दुप्पट लागला, तरी दुसरी पद्धत मी कुणालाही सांगणार नाही.

कड वळली, चाक बसलं, मोकळं फिरलं. बहुतेक जण इथे पैसे देऊन गाडी घेऊन जातात. ठाण्यात मात्र काम इथून पुढे सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे. मागच्या दोन पत्र्यांच्या सांध्यावर कंपनीने सीलंट भरलेलं असतं. कड वळताना ते ताणलं जातं आणि त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. माझ्या गाडीत त्या टॉर्च लावूनच दिसल्या. मुंबई-ठाण्यात मान्सूनची सर्वसाधारण तारीख 11 जून. त्यानंतरचे चार महिने चाक या सांध्यावर सतत चिखल-पाणी फेकत राहतं. दोन पत्र्यांमधली फट इतकी बारीक असते की पाणी तिथे आपोआप वर चढतं आणि वाळत नाही. बाहेर रंगाला फोड आलेला दिसतो तोवर आतला पत्रा गेलेला असतो.

म्हणून तडकलेलं सीलंट पूर्ण खरवडून काढलं, सांधा थिनरने पुसला, उघड्या पत्र्याला इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले. तो वाळल्यावर पॉलियुरेथेनचं सीम सीलंट ब्रशने सांध्यात दाबून भरलं, रात्रभर तसंच ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी वरून अंडरबॉडी कोटिंग मारलं. डिकीतलं अस्तर काढून आतून, म्हणजे दोन पत्र्यांच्या पोकळीत, गंज रोखणारं कॅव्हिटी वॅक्सही फवारलं. काकांना हा शेवटचा भाग नवा होता. त्यांनी डब्यावरचं सगळं वाचून घेतलं आणि रिकामा डबा ठेवून घेतला.

खर्च म्हणाल तर रोलरचं भाडं, मजुरी आणि सीलंट-प्रायमर मिळून एका नव्या टायरच्या किमतीच्या आत बसलं.

चाचणीसाठी मागे तीन मित्र बसवले, कडांना खडू लावला आणि गायमुखकडे जाऊन आलो. मागचा खडू जसाच्या तसा. पुढे डावीकडे स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना लायनरला एक पुसट रेघ आली, तिथे लायनर हीट गनने थोडा मागे बसवला. मग अलाइनमेंट, कारण गाडी खाली गेली की पुढचा टो, म्हणजे चाकं किती आत-बाहेर वळलेली असतात ते, बदलतो आणि न बघता चालवलं तर टायर आतल्या बाजूने झिजतो. हेडलाइटचा झोतही तपासून घेतला.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून टायर बॉडीच्या बाहेर जराही दिसणार नाही एवढाच ऑफसेट मी निवडला, मूळ चाकं आणि स्प्रिंगा जपून ठेवल्या आणि अलॉयची नोंद विम्याच्या पॉलिसीत करून घेतली. याहून रुंद चाक आणि त्यासाठी फेंडर बाहेर ओढणं, या वाटेने मी जाणार नाही.

पावसाळा संपल्यावर मागचे दोन्ही लायनर काढून सांधा पाहिला. उजवीकडे सगळं जसंच्या तसं होतं. डावीकडे बंपरच्या टोकाजवळ कोटिंगचा एक तुकडा दगडाने उडाला होता, खालचं सीलंट शाबूत. तिथे कोटिंगचा एक हात पुन्हा दिला आणि लायनर बसवले.