साडेचार लाखांचं टर्नटेबल आणि डोलणारा तंबोरा

रेकॉर्ड वाजवायची टर्नटेबल दुरुस्त करणं हे माझं काम, दुकान पुण्यात तपकीर गल्लीपासून जवळच. बाहेरच्यांना वाटतं यात सोल्डरिंग फार असेल, पण निम्मा वेळ जातो तो वाळून घट्ट झालेलं ग्रीस खरवडण्यात आणि उरलेला गिऱ्हाइकाला हे पटवण्यात की सुई झिजते, ती बदलावी लागते. आणि एक प्रश्न हमखास येतो, नवीन भारीतलं घेऊ की जुनं चांगलं शोधू. याचं उत्तर मी इतकी वर्षं एका दमात देत आलोय, पण मध्यंतरी एक केस आली आणि तेव्हापासून ते तेवढं सहज तोंडात येत नाही.

गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचा मुलगा आला. वडील गेले, त्यांचं जुनं गॅरार्ड 401 टर्नटेबल त्यानंतर कोणी नीट लावलंच नाही, म्हणून त्याने आईसाठी नवं टर्नटेबल घेतलं. साडेचार लाख. बेल्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्ट्याने फिरणारं, ॲक्रिलिकचा जाड प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची थाळी, पॉवर सप्लायचा वेगळा डबा. आणि आई पहिल्या दिवसापासून म्हणतेय की तंबोरा डोलतो, म्हणजे रेकॉर्डवरच्या तंबोऱ्याचा स्वर वर-खाली होतो. दुकानदाराने माणूस पाठवला, त्याने बेल्ट बदलला, मग वेगळी मॅट विकली, आणि शेवटी सांगितलं की आईंना जुन्या आवाजाची सवय आहे हो, होईल हळूहळू. उभं आयुष्य तंबोरा लावण्यात गेलेल्या बाईला असं सांगतात, याचा मला मनापासून राग आला. कान सांगतोय तर आधी कानावर विश्वास ठेवावा ना.

मी म्हटलं दादा, दोन्ही मशीन आणा, तंबोरा डोलतो ती रेकॉर्ड आणा, आणि बाईंनाही आणा.

आधी नवं तपासलं. माझ्याकडे 3150 हर्ट्झच्या टोनची टेस्ट रेकॉर्ड आहे, भोक अगदी मधोमध असलेली निवडून ठेवलेली. वेग बरोबर, चढउतार नावालाच. सुईची अलाइनमेंट मात्र चुकलेली, आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, मध्यापासून आतल्या बाजूला 66 आणि बाहेर 121 मिलिमीटरच्या आसपास खाचेला सरळ बसायला हवा तो कुठेच बसत नव्हता. एवढे पैसे घेऊन हे दहा मिनिटांचं काम करत नाहीत, खोकं पोचवलं की झालं. पण त्याने आवाज फाटतो, तंबोरा डोलत नाही.

मग बाईंची एलपी लावली. डोलत होता. मलाही ऐकू आलं, दर फेऱ्याला एकदा, 33⅓ ला एक फेरा 1.8 सेकंदांचा, बरोबर त्याच लयीत स्वर वर जायचा आणि खाली यायचा. मुलगा म्हणाला बघा, मशीनच खराब आहे. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि बाजू संपत आली की जास्त होतं."

त्या एका वाक्याने केस सुटली. दोष मशीनचा असता तर सुरुवातीला जेवढा तेवढाच शेवटी राहिला असता. आत जाताना वाढतो म्हणजे रेकॉर्डचं केंद्र सरकलंय. भोक 1 मिलिमीटर बाजूला असेल तर मध्यापासून 10 सेंटिमीटरवर वेग 1 टक्का वर आणि 1 टक्का खाली जातो, लेबलजवळ 6 सेंटिमीटरवर तेच 1.7 टक्के होतात. सा आणि कोमल रे यांच्यात अंतर जेमतेम 6 टक्क्यांचं, त्यात एवढा झोका, तंबोऱ्याला कसा चालेल? समोर वाकून बघितलं तर आर्म दर फेऱ्याला डावीकडे उजवीकडे झुलत होता. साडेचार लाखांचं असो की चाळीस लाखांचं, भोक बाजूला असलेली रेकॉर्ड कुठलंही साधं टर्नटेबल सरळ करत नाही. ऐंशीच्या दशकात नाकामिचीने केंद्र आपोआप जुळवणारं मशीन काढलं होतं, पण ते अपवादच.

पण मग गॅरार्डवर हीच एलपी इतकी वर्षं सुरात कशी वाजत होती?

रेकॉर्ड उचलून भिंगाखाली धरली. भोक मोठं केलेलं होतं, बारीक कानशीने, चारी बाजूंनी हलक्या हाताने, कडा पण घासून गुळगुळीत. मी बाईंना विचारलं हे कोणी केलं. त्या म्हणाल्या त्यांना माहीत नाही, पण आमचे हे रेकॉर्ड लावली की सुई टेकवून खाली वाकून बघायचे आणि बोटाने कडेला हळूच टिचक्या मारायचे, मला वाटायचं ती त्यांची सवय. ते आर्म झुलायचा थांबेपर्यंत रेकॉर्ड सरकवत होते! मुलगा काय करायचा, रेकॉर्ड ठेवायची, वर क्लॅम्प, म्हणजे रेकॉर्ड दाबून धरणारी पकड, आवळायचा, जिथे पडली तिथे घट्ट.

क्लॅम्प काढला, टिचक्या मारून एलपी केंद्रावर आणली, तंबोरा उभा राहिला. बाईंनी डोळे मिटून मान हलवली आणि मुलाला म्हणाल्या, "आता सा ऐक."

एवढं झाल्यावर तुलना केल्याशिवाय मला राहवेना. 401 तात्पुरता चालता केला. हे 1965 मध्ये इंग्लंडात स्विंडनला निघालेलं मशीन, रबरी आयडलर चाकाने प्लॅटर कडेकडून ढकलणारं, मोटर स्प्रिंगांवर टांगलेली, वेग बारीक जुळवायला मोटरवर ॲल्युमिनियमची चकती आणि लोहचुंबक. असं यंत्र उघडलं की बनवणाऱ्याने कुठे पैसे घातलेत ते दिसतं. आयडलरला मात्र खड्डा पडला होता, कधीतरी लाइट गेली आणि बटण चालूच राहिलं की चाक पुलीला दाबून बसतं, मग कायमची धकधक. माझ्याकडचं एक जुनं चाक लावलं, मोटर गरम होईपर्यंत फिरवली, नाहीतर वेग बसत नाही. दोन्हीवर एकच ऑडिओ-टेक्निका व्हीएम95 कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला तुकडा, सुईचा दाब 2 ग्रॅम, आवाज सारखा केला, आणि बाईंना मशीनकडे पाठ करून बसवलं.

गाणं चालू असताना त्यांना फरक सांगता आला नाही. मलाही येत नव्हता, खरं सांगतो. गाणं थांबून दोन आलापांच्या मध्ये नुसती खाच वाजते तिथे मात्र दर वेळी म्हणाल्या, हे शांत आहे, आणि ते दर वेळी नवंच होतं. 401 ची घरघर हेडफोनवर स्पष्ट येते. म्हणजे नव्याचे पैसे अगदीच वाया नाहीत, त्या शांततेला किंमत आहे, मी ते नाकारत नाही. पण माझ्या मते ती शांतता याच्या निम्म्याहून कमी पैशात येते, पुढचे पैसे वजनाला आणि चकाकीला. आणि "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांनीही ऐकावं, पॉलिश मारून विकलेलं व्हिंटेज मशीन आत न उघडता घेऊ नका. शिवाय जुनं आता स्वस्त तरी कुठे राहिलंय, 2018 मध्ये एसएमई या टर्नटेबल आणि आर्म बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीच्या मालकांनी गॅरार्डचं नाव विकत घेतलं आणि पुढे 401 च्या आधीचं 301 मॉडेल पुन्हा विकायला काढलं, त्याची किंमत बघितली तर हे साडेचार लाख कमी वाटतात.

मुलाला आर्मकडे बघून रेकॉर्ड सरकवायला शिकवलं, पटकन जमलं त्याला. 401 अजून माझ्या टेबलावर आहे. विकू का ठेवू असं तो विचारतोय. आयडलर, बेअरिंगचं तेल, मोटरच्या स्प्रिंगा, आर्मची वायर धरून चाळीसेक हजार लागतील, पण एस्टिमेट मी अजून दिलेलं नाही, कारण त्या चाळीस हजारांत बाईंना नव्यापेक्षा जास्त काय ऐकू येणार ते मला सांगता येत नाही, आणि विकून टाका असंही तोंडातून निघत नाही.