भूक होती का?

सोलापुरात माणूस भेटला की पहिली चौकशी जेवणाची. समोरच्या काकू विचारतात, 'जेवलीस का गं?' खालच्या मजल्यावरच्या कानडी आजी विचारतात, 'ऊट आयता?' पूर्व भागातली माझी तेलुगू मैत्रीण फोन उचलल्या उचलल्या म्हणते, 'तिन्नावा?' तीन भाषांत रोज विचारपूस होते आणि तिन्ही भाषांत माझं उत्तर 'हो' असतं. भूक लागली होती का, हे मात्र सत्तेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीही मला नाही.

विचारलं ते डॉक्टरांनी. गड्डा, म्हणजे आमची संक्रांतीची सिद्धेश्वर जत्रा, नुकता संपला होता. भोगीचं खेंगट, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, संक्रांतीच्या शेंगापोळ्या, सगळं अंगात मुरलेलं असतानाच तपासणी झाली आणि तीन महिन्यांची साखर 6.1 निघाली. 5.7च्या खाली असली तर बरी, 6.5पासून पुढे मधुमेह. म्हणजे मी उंबऱ्यावर. आता हे बंद, ते बंद अशी यादी मिळणार, ती ऐकायची आणि घरी येऊन विसरायची, अशी दोन्ही तयारी करूनच गेले होते. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस काहीही बदलू नका. फक्त लिहा. काय खाल्लं, किती वाजता आणि तेव्हा भूक होती का."

लेकीची अर्धी कोरी दोनशेपानी वही घेतली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हटकलं, "काय लिहू लालीस गं? दुधाचा हिशेब का?"

"खाण्याचा."

"आता घरच्या भाकरीचाबी हिशेब!" म्हणत त्या जपाला बसल्या.

पहिले चार दिवस मी चक्क खोटं लिहिलं. स्वतःच्याच वहीत! 'चटणी – थोडी.' शेंगाचटणी थोडी खाणारा माणूस मी सोलापुरात अजून पाहिलेला नाही. उखळात कुटता कुटता शेंगदाण्याचं स्वतःचं तेल सुटतं, लसूण-तिखट त्यात मुरतं आणि भाकरीवर ती नुसती ठेवली तरी बोटांना लाल तेल लागतं. पाचव्या दिवशी लाज सोडून चमचा घेतला आणि मोजली. एका जेवणाला चार चमचे भरले. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेवर कॅलरी असतात, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्याच अक्षरात 'चार चमचे' वाचणं वेगळं. शिवाय मीठ. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. त्या संघटनेत कुणी सोलापूरकर नसावा.

दहाव्या दिवशी वही पहिल्यापासून वाचली. भुकेच्या रकान्यात 'हो' फार थोडे. 'नाही'पुढे मी नकळत कारणं लिहायला लागले होते आणि कारण बहुतेक एकच. उरला होता. उरली होती. उरलं होतं. भात, भाकरी, वरण, तिन्ही लिंगांत.

ताट वाढून घेऊन बसले की ते जेवण. पण ओट्याशी उभ्यानं पातेलं पुसून खाल्लेला भात, मुलानं टाकलेली अर्धी पोळी, डब्यातून तशीच परत आलेली भाजी, हे मी कधी जेवणात धरलंच नव्हतं. ते आवरणं होतं. अन्न वाया जाऊ नये म्हणून ते माझ्यात जात होतं. आणि हे कुठल्या गावात, तर जिथे ज्वारीची भाकरी पातळ थापून, कडक करून आठवडेच्या आठवडे टिकवायची विद्या घरोघर आहे. उरलेल्याचं काय करायचं हे आमच्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. मीच मधल्या मध्ये डबा झाले होते.

दुसरी गोष्ट वहीनं दाखवली ती पाण्याची. आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांनी येतं आणि तेही रात्री दोनला. त्याच्या दुसऱ्या दिवशी माझे चहा पाच आणि दुपारी चारला काहीतरी गोड, प्रत्येक वेळी. मला वाटायचं, मी चवीची आहे. मी नुसती झोपेला आलेली असायचे. आता एकाआड एक पाण्याला हे उठतात. पहिल्या रात्री कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा हे विचारायला त्यांनी मला तीनदा उठवलं, तो भाग सोडा.

चालणंही सुरू केलं, मैत्रिणीबरोबर, सिद्धेश्वर तळ्यावर. तिला रोज दहा हजार पावलं म्हणजे दहा हजारच हवीत. मग मी कुठंसं वाचलेलं तिला सांगितलं की हा आकडा कुण्या डॉक्टरनं सांगितलेला नाही. 1965च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं यंत्र. तिथून तो आकडा जगभर चालत सुटला. मैत्रिणीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती सहा हजारांवर आली. उरलेला वेळ इडलीच्या गाडीपाशी. ती इडली मी वहीत लिहिते. भूक – हो. चालून आल्यावर लागते ती भूक खरीच असते, आणि खरी भूक कशी असते तेच मी विसरले होते.

बाकी फार काही बदललेलं नाही. तांदूळ पाव वाटी कमी घेते. ओट्याशी उभी राहून खात नाही, म्हणजे निदान प्रयत्न करते. पातेलं अगदी रिकामं झालं की सासूबाई कुरकुरतात, "घरात चार घास शिल्लक असावंत गं, अवचित कोण आलं तर?" म्हणून एक भाकरी जास्तीची होते आणि ती आता तव्यावर कडक होते. साखर पुन्हा तपासायला अजून दीड महिना आहे.

काल रात्री साडेनऊला दारात कानडी आजी. हातात ताटली, वर रुमाल.

"ऊट आयता?"

"आयतू, आजी."

"मग ही एकच खा."

शेंगापोळी. गरम, कडेनं तूप सुटलेलं. मी संपवेपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या, ताटली परत न्यायची होती.

वहीत लिहिलं : शेंगापोळी, एक. रात्री 9:35. भूक – नाही. कारण – आजी उभ्या होत्या.